दुर्बिणीआधीचे आकाश : वाचकांचे प्रश्न

प्राचीन लोक रात्रीचे आकाश कसे पाहत आणि त्याचा उपयोग कशासाठी करत, या विषयावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत. जे गच्चीवरून किंवा मैदानावरून स्वतः पडताळता येईल, त्याची कृती दिली आहे.

प्रश्न : इजिप्तच्या पिरॅमिडच्या बाजू अचूक उत्तर-दक्षिण आहेत असे वाचले. होकायंत्राशिवाय हे कसे साधले? शाळेच्या मैदानावर असे काही करता येईल का? (एक शिक्षिका, नाशिक)

उत्तर : गिझाच्या खुफूच्या पिरॅमिडच्या बाजू खऱ्या उत्तरेपासून जेमतेम तीन-चार कला ढळल्या आहेत. साठ कलांचा एक अंश. पौर्णिमेच्या चंद्राचे बिंबच तीस कलांचे असते. होकायंत्र असते तरी एवढी अचूकता आली नसती, कारण चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत बहुतेक ठिकाणी याहून कितीतरी मोठा फरक असतो.

आजचा ध्रुवतारा त्या काळी ध्रुवबिंदूच्या, म्हणजे ज्या बिंदूभोवती सारे आकाश फिरताना दिसते त्याच्या, आसपासही नव्हता. इजिप्ती लोकांची साधने दोन : ओळंबा लावलेली आडवी पट्टी आणि टोकाला खाच पाडलेला ताडाच्या पानाचा दांडा. खाचेतून पाहायचे आणि तारा ओळंब्याच्या दोरीवर आला की खूण करायची. इ.स. २००० मध्ये इजिप्तच्या अभ्यासक केट स्पेन्स यांनी अशी कल्पना मांडली की ध्रुवबिंदूच्या दोन बाजूंना असलेले दोन तारे, म्हणजे सप्तर्षीतला वसिष्ठ आणि ध्रुवमत्स्यातला कोचाब, एकाच ओळंब्यावर वर-खाली आले की ती दिशा उत्तर मानली जात असावी. एकामागून एक आलेल्या राजांच्या पिरॅमिडमधली चूक ठरावीक दिशेने सरकत गेलेली दिसते आणि ताऱ्यांच्या संथ सरकण्याशी ती जुळते, हा त्यांचा मुख्य आधार. ही उपपत्ती सर्वांना मान्य नाही. सूर्याच्या सावलीवरूनही एवढी अचूकता येऊ शकते, असे म्हणणारे आहेत.

शाळेसाठी सावलीची रीतच बरी. ती आपल्याकडे कात्यायन शुल्बसूत्रात सांगितली आहे. सिमेंटची गुळगुळीत जागा निवडा आणि पाणसळ लावून ती समतल असल्याची खात्री करा. मधोमध ३० सेंटीमीटर उंचीचा शंकू, म्हणजे सरळ काठी, उभा करा. ओळंबा एकाच बाजूने लावून भागत नाही. काटकोनातल्या दोन बाजूंनी पाहा. शंकूचा पाया केंद्र धरून ४५ सेंटीमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढा. सुती दोरी ताणली की लांबते, म्हणून तार वापरा. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाबाहेर असते, ते आत येताना जिथे वर्तुळाला शिवेल तिथे खूण करा. दुपारी ते बाहेर जाताना दुसरी खूण करा. दोन खुणा जोडणारी रेघ पूर्व-पश्चिम. दोन्ही खुणांवरून सारख्या त्रिज्येचे कंस काढले की जो मासा तयार होतो, त्याच्या तोंडातून शेपटीकडे जाणारी रेघ उत्तर-दक्षिण.

२२ डिसेंबरच्या आसपास नाशिकला हा प्रयोग केलात तर सावली सकाळी दहानंतर थोड्या वेळात आणि दुपारी तीनच्या सुमारास वर्तुळाला शिवेल. त्या दिवशी माध्यान्हीची सावली सुमारे २८ सेंटीमीटर असते, म्हणून २५ सेंटीमीटरचे वर्तुळ काढणाऱ्यांची सावली आत येतच नाही. ही चूक फार होते. दुसरी अडचण म्हणजे सावलीचे टोक. सूर्य बिंदू नसून अर्ध्या अंशाचे बिंब आहे, त्यामुळे टोकाशी जवळजवळ एक सेंटीमीटरची धूसर कड येते. शंकूच्या माथ्यावर तीन-चार मिलिमीटरचे भोक पाडलेला पुठ्ठा बसवा आणि जमिनीवर पडणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा मध्य धरा. नेमका स्पर्शाचा क्षण पकडत बसण्यापेक्षा दर पाच मिनिटांनी ठिपका टिपून ते बिंदू नंतर जोडणे सोपे जाते.

डिसेंबरच का? मार्च आणि सप्टेंबरमध्ये सूर्य उत्तर-दक्षिण दिशेने दिवसाला सुमारे २४ कला सरकतो, म्हणजे सकाळ आणि दुपार यांत तो थोडा हललेला असतो. त्यामुळे पूर्व-पश्चिम रेघ चार-पाच कलांनी चुकते. पुढच्या भारतीय ज्योतिर्विदांनी यासाठी दुरुस्ती सांगितली आहे. तुमच्या वर्तुळावर एवढी चूक एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. पण खुफूच्या २३० मीटर बाजूवर तीच चूक ३० सेंटीमीटरच्या वर जाते. रात्री त्याच रेघेवरून ध्रुवताऱ्याकडे पाहून पडताळा घ्या. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त दूर आहे, तेव्हा तेवढा फरक दिसला तर रेघेला दोष देऊ नका.

प्रश्न : दिवसाचे २४ तास इजिप्तमधून आले म्हणतात. घड्याळ नसताना रात्रीचे तास कसे मोजत? आणि बाराच का? (कोल्हापूर)

उत्तर : इजिप्ती लोकांनी आकाशाच्या एका पट्ट्यातले ३६ तारे किंवा लहान तारकागट निवडले होते. अभ्यासक त्यांना ‘डेकन’ म्हणतात. व्याध हा त्यांतला सर्वांत मानाचा. प्रत्येक डेकन साधारण ७० दिवस सूर्याच्या उजेडात हरवतो, मग एका पहाटे पूर्वेला पुन्हा दिसतो. दहा दिवसांनी पुढच्याची पाळी. दहा दिवसांचा एक दशक, वर्षाचे असे ३६ दशक आणि वर पाच दिवस, असे त्यांचे ३६५ दिवसांचे पंचांग होते. रात्री एकापाठोपाठ एक डेकन उगवताना मोजले की वेळ कळायची. दोन उगवण्यांमध्ये सरासरी ४० मिनिटे जातात. व्याध पहाटे दिसू लागतो त्या उन्हाळ्याच्या दिवसांत संधिप्रकाश वगळला तर गडद अंधार आठेक तासच उरतो. चाळीस मिनिटांचा एक, याप्रमाणे आठ तासांत बारा डेकन. बाराचा आकडा इथून आला, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

इ.स.पू. २१०० ते १८०० या काळातल्या काही शवपेट्यांच्या झाकणांवर आतून अशी कोष्टके रंगवलेली सापडली आहेत. प्रत्येक दशकासाठी एक रकाना, रकान्यात बारा ओळी आणि प्रत्येक डेकन पुढच्या रकान्यात एक ओळ वर चढलेला. दिसायला सुबक, पण टिकाऊ नाही. खरे वर्ष ३६५ दिवसांहून पाव दिवसाने मोठे आहे. चार वर्षांत एक दिवस आणि चाळीस वर्षांत दहा दिवस चूक साठते, म्हणजे अख्खा एक रकाना सरकतो. पुढे रामसेस राजांच्या थडग्यांत वेगळी पद्धत दिसते. समोर एक माणूस बसवायचा आणि तारा त्याच्या डाव्या खांद्यावर, उजव्या कानावर की बरोबर डोक्यावर आला, ते पाहायचे. समोरचा माणूस जरा हलला की तास हलला!

हे तास ऋतूप्रमाणे लहान-मोठे होत. चोवीस सारखे तास ही ग्रीक ज्योतिषांची गरज, आणि तासाची साठ मिनिटे ही बॅबिलोनच्या साठाच्या मोजणीची देणगी. आपल्याकडे अहोरात्राच्या ६० घटिका, म्हणजे घटिका २४ मिनिटांची. लग्नात भटजी मांडतात ते घटिकापात्र याच मापाचे : तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर ठेवायची आणि ती बुडाली की घटका भरली. स्वतः करायचे तर एक मिलिमीटरच्या छिद्राने सुरुवात करा आणि घड्याळ लावून थोडे थोडे वाढवा. छिद्र मोठे झाले की वाटी वाया जाते. पाणी गाळूनच घ्या, नाहीतर कचऱ्याचा एक कण घटका दीडपट लांबवतो.

प्रश्न : बॅबिलोनच्या लोकांना ग्रहणाचे खरे कारण ठाऊक नव्हते, तरी ते ग्रहणाचा दिवस आधी सांगत. हे कसे शक्य आहे? काही गूढ विद्या होती का? (सोलापूर)

उत्तर : गूढ काही नव्हते, दप्तर होते. मातीच्या ओल्या वड्यांवर लिहिलेल्या त्यांच्या नोंदींपैकी उपलब्ध असलेली सर्वांत जुनी वडी इ.स.पू. ६५२ ची आहे आणि शेवटची इ.स.पू. ६१ ची. एवढ्या दीर्घ काळात राजवटी बदलल्या, भाषा बदलली, तरी लिहिणारे लिहीत राहिले. नोंदीचा साचा ठरलेला : चंद्र आज कोणत्या ताऱ्याजवळ, किती बोटे वर किंवा खाली, ग्रह कुठे, ढग होते का, जव, खजूर, तीळ, लोकर यांचा भाव काय, युफ्रेटिस नदीचे पाणी किती चढले किंवा उतरले. आभाळ भरलेले असेल तर ‘पाहिले नाही’ असेही लिहिलेले आहे. आमच्या मते त्यांच्या शास्त्राचा कणा हाच. न दिसलेले ग्रहण आणि न झालेले ग्रहण वेगळे ठेवले नाही, तर मोजणी कधीच जुळत नाही.

आता मोजणी. चंद्रग्रहणे सुटी सुटी पाहिली तर बेशिस्त वाटतात. पण एकदा ग्रहण होऊन गेले की पुढची शक्यता सहा महिन्यांनी येते आणि मधूनमधून पाच महिन्यांनी. ‘महिना’ म्हणजे इथे पौर्णिमा ते पौर्णिमा. ३३ वेळा सहा आणि ५ वेळा पाच अशा ३८ शक्यता झाल्या की २२३ महिने भरतात आणि तोच क्रम पुन्हा सुरू होतो. हे २२३ महिने म्हणजे १८ वर्षे, ११ दिवस आणि सुमारे ८ तास. आज या चक्राला ‘सारोस’ म्हणतात. बॅबिलोनच्या वड्यांवर १८-१८ वर्षांचे स्तंभ शेजारी शेजारी मांडलेले आहेत. ओळ तीच ठेवून पुढच्या स्तंभात पाहिले की ग्रहणाचा महिना सापडतो. सावली, पृथ्वीचा आकार, अंतर यांतले काहीच ठाऊक असण्याची गरज नाही.

चक्र जुळते कशामुळे, ते पंचांग वाचणाऱ्यांना लवकर कळेल. ग्रहणाला पौर्णिमा लागते आणि चंद्र राहू किंवा केतूजवळ, म्हणजे त्याची वाट सूर्याच्या वाटेला छेदते त्या पातबिंदूजवळ, असावा लागतो. पौर्णिमेचे २२३ महिने म्हणजे ६५८५.३२ दिवस. त्याच पातबिंदूशी परत येण्याच्या २४२ फेऱ्या म्हणजे ६५८५.३६ दिवस. शिवाय चंद्राच्या जवळ-दूर होण्याच्या २३९ फेऱ्या म्हणजे ६५८५.५४ दिवस. तीन वेगळी चाके जवळपास एकाच दिवशी मूळ जागी येतात, म्हणून ग्रहण नुसते परत येत नाही, तर साधारण तेवढेच मोठे होऊन येते. १६ जुलै २००० चे खग्रास चंद्रग्रहण आणि २७ जुलै २०१८ चे ग्रहण ही अशी जोडी. पहिल्याची खग्रास अवस्था १ तास ४६ मिनिटांची होती, दुसऱ्याची १ तास ४३ मिनिटांची.

अडचण त्या आठ तासांची. तेवढ्यात पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पुढचे ग्रहण पश्चिमेकडच्या देशांत जाते. आठ तास ही सरासरी आहे. वरच्या जोडीत फरक सुमारे साडेसहा तासांचा पडला, त्यामुळे दोन्ही ग्रहणे भारतातून दिसू शकली. २००० साली मुंबईत चंद्र ग्रहण लागलेलाच उगवला आणि २०१८ साली मध्य गाठायला पहाटेचे पावणेदोन उलटले. ७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीच्या ग्रहणाचे भावंड १९ सप्टेंबर २०४३ ला येईल, पण ते मध्यावर असताना आपल्याकडे सकाळचे सात वाजून गेलेले असतील आणि चंद्र मावळलेला असेल. तीन सारोस, म्हणजे ५४ वर्षे आणि महिनाभर, थांबलात तर ग्रहण पुन्हा साधारण त्याच वेळी येते.

सूर्यग्रहणात ही युक्ती अर्धवटच चालते. चंद्राची गडद सावली पृथ्वीवर अरुंद पट्ट्यातच पडते, म्हणून ‘या अमावास्येला शक्यता आहे’ एवढेच म्हणता येई. पण ते ‘शक्यता आहे’सुद्धा राजाची झोप उडवायला पुरत असे. इ.स.पू. सातव्या शतकात असिरियाच्या दरबारात अपशकुनी ग्रहण आले की गादीवर एक बदली राजा बसवत. शंभर दिवसांपर्यंत अपशकुन त्याच्या माथी, आणि मग त्याला मारून टाकत. खरा राजा तेवढे दिवस आडोशाला राही.

या नोंदींचा आजही उपयोग होतो. १५ एप्रिल इ.स.पू. १३६ रोजी बॅबिलोनमध्ये खग्रास सूर्यग्रहण दिसल्याची वेळेसह नोंद आहे. पृथ्वी आजच्याच गतीने सतत फिरत आली असे धरून गणित केले तर ते ग्रहण बॅबिलोनला दिसायलाच नको. त्याचा पट्टा सुमारे ४९ अंश पश्चिमेला पडतो. हा फरक सव्वातीन तासांचा आहे. पृथ्वीचे फिरणे किती मंदावले, याचे हे सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी एक.

प्रश्न : असिरियात भिंग सापडले आहे, म्हणजे त्यांच्याकडे दुर्बीण होती का? (ठाणे)

उत्तर : नाही. निमरूद इथे १८५० मध्ये लेयार्ड यांना सापडलेला स्फटिकाचा तुकडा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तो जाड भिंगासारखा वस्तू मोठी करून दाखवतो, तीही वेडीवाकडी. दुर्बीण असती तर इतक्या चिकाटीने लिहिणाऱ्यांनी गुरूचे चार चंद्र एकदा तरी टिपले असते.

प्रश्न : मृग नक्षत्र दरवर्षी ७-८ जूनलाच लागते. हजार वर्षांपूर्वीही तसेच होते का? कृत्तिकांवरून वेदांचा काळ काढला, तो याच पद्धतीने का? (बीड आणि पुणे येथील दोन पत्रे)

उत्तर : पावसाची नक्षत्रे ही सूर्याची नक्षत्रे आहेत. मृग ‘लागले’ म्हणजे सूर्य मृगाच्या जागी आला, त्यामुळे त्या दिवसांत मृगाचे तारे आकाशात दिसतच नाहीत. सूर्य वर्षभरात २७ नक्षत्रांतून जातो, म्हणून एकेक नक्षत्र साडेतेरा दिवसांचे. ताऱ्यांच्या हिशेबाचे हे वर्ष ३६५.२५६४ दिवसांचे, तर ऋतूंचे वर्ष ३६५.२४२२ दिवसांचे. फरक दिसतो क्षुल्लक, पण ७१ वर्षांत एक दिवस होतो. ऋतूंशी बांधलेल्या आजच्या इंग्रजी तारखांनी मोजले, तर हजार वर्षांपूर्वी मृग २४ मेच्या सुमारास लागत होता. पुढच्या हजार वर्षांत तो २१ जूनच्या पलीकडे जाईल. मकरसंक्रांत १४ जानेवारीला असते आणि उत्तरायण २२ डिसेंबरलाच सुरू झालेले असते, ते याच कारणाने. नक्षत्राचे वाहन बेडूक की कोल्हा यावरून पाऊस ठरवण्याला मात्र निरीक्षणाचा आधार नाही. ते आकडेमोडीने ठरते.

पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो आणि एक फेरी जवळपास २६,००० वर्षांत पुरी करतो. यामुळे तारे उगवण्याच्या जागाही बदलतात. ‘कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, इतर नक्षत्रे ढळतात’ अशा अर्थाचे वाक्य शतपथ ब्राह्मणात आहे. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी एकोणिसाव्या शतकात ते शब्दशः निरीक्षण मानून गणित केले आणि काळ इ.स.पू. ३००० च्या सुमाराचा काढला. गणित बरोबर आहे. प्रश्न वाक्याच्या वाचनाचा आहे. ‘पूर्वेला’ म्हणजे नेमके किती? कृत्तिकांचा पुंजकाच अंशभराहून मोठा आहे, आणि त्या काळी त्यांची जागा अंशभर सरकायला सुमारे १८० वर्षे लागत. निरीक्षणात दोन अंशांची ढिलाई धरली तरी मागे-पुढे साडेतीनशे वर्षे जातात. शिवाय वाक्य ग्रंथात आले तेव्हा ते जुनी आठवण म्हणून आले की नवे निरीक्षण म्हणून, हे गणिताने कळत नाही. आमच्या मते दीक्षितांनी निरीक्षणाचा काळ काढला. ग्रंथाचा काळ त्यावरून ठरवणे धाडसाचे.

आज मुंबईच्या अक्षांशावर कृत्तिका पूर्वेच्या उत्तरेला जवळजवळ २५ अंशांवर उगवतात. वरच्या रीतीने पूर्व-पश्चिम रेघ काढली असेल, तर नोव्हेंबरात संध्याकाळनंतर हे स्वतः मोजता येईल. हात लांब करून मूठ धरली की तिची रुंदी सुमारे १० अंश, म्हणजे अडीच मुठी.

प्रश्न : पॅसिफिकमधले लोक होकायंत्राशिवाय हजारो किलोमीटरवरची इवलीशी बेटे कशी गाठत? (रत्नागिरी)

उत्तर : दिशा आणि अक्षांश दोन्ही ताऱ्यांवरून. तारा रोज चार मिनिटे लवकर उगवतो, पण उगवण्याची जागा तीच राहते. म्हणून तांडेल प्रत्येक बेटासाठी ताऱ्यांची माळ पाठ करतो : क्षितिजाजवळ असलेल्या ताऱ्याकडे नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, धरायची, तो वर चढला की त्याच जागी उगवणारा पुढचा तारा घ्यायचा. रात्रीला दहाएक तारे पुरतात. आभाळ झाकले तर दूरच्या वादळातून येणाऱ्या लाटांचा होडीवरचा हेलकावा धरून दिशा राखतात.

अक्षांशासाठी माथ्यावरचा तारा. स्वाती हवाई बेटांच्या माथ्यावरून जाते. ती मुंबईच्याही माथ्यावरून जाते, कारण मुंबई आणि हवाईचे मोठे बेट एकाच अक्षांशाच्या आसपास आहेत. ‘होकुलेआ’ हे हवाईत स्वातीचेच नाव. त्या नावाची दुहेरी होडी १९७६ मध्ये मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटावरच्या माऊ पियाइलुग यांनी उपकरणांशिवाय हवाईहून ताहितीला नेली. अंतर सुमारे ४,००० किलोमीटर, दिवस महिन्याहून थोडे जास्त. माथ्यावरचा तारा पाहताना एका अंशाची चूक म्हणजे समुद्रावर १११ किलोमीटर. पूर्व-पश्चिम जागा ताऱ्यांवरून कळत नाही, म्हणून हवाईकडे येताना मुद्दाम पूर्वेला जास्त जायचे, योग्य अक्षांश आला की पश्चिमेला वळायचे आणि पाठीशी वारा घेऊन बेट गाठायचे. शेवटच्या टप्प्यात संध्याकाळी जमिनीकडे परतणारे पक्षी मदतीला येतात, त्यामुळे ठिपक्याएवढ्या बेटाचे लक्ष्य बरेच मोठे होते.

त्रिशंकूचा, म्हणजे दक्षिणेकडे क्रॉससारख्या दिसणाऱ्या चार ताऱ्यांचा, ठोकताळा तुम्हाला रत्नागिरीतच करता येईल. त्रिशंकू सरळ उभा असताना वरच्या आणि खालच्या ताऱ्यांत सहा अंशांचे अंतर असते. खालचा तारा क्षितिजापासून तेवढाच उंच दिसला तर तुमचा अक्षांश सुमारे २१ उत्तर, म्हणजे हवाईतल्या ओआहूचा, आणि आपल्या जळगावचाही. रत्नागिरीत खालचा तारा साधारण दहा अंशांवर असतो. दहातून सहा गेले चार. तेवढे अंश तुम्ही दक्षिणेला, म्हणजे अक्षांश १७. मेच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिण क्षितिज मोकळे दिसेल अशी जागा शोधा. दोन गोष्टी दगा देतात. मे महिन्याचा दमटपणा खालचा तारा गिळतो, आणि पश्चिमेकडचा खोटा क्रॉस लोकांना फसवतो. तो आकाराने मोठा आणि फिकट आहे. खऱ्या त्रिशंकूच्या डाव्या हाताला मित्र आणि मित्रक हे दोन तेजस्वी तारे असतात.

प्रश्न : मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचे शुक्राचे कोष्टक किती अचूक होते? (नागपूर)

उत्तर : लांबच्या पल्ल्यात उत्तम, जवळच्या पल्ल्यात विचित्र. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये असलेल्या माया पोथीत शुक्राचे चक्र, म्हणजे पहाटे दिसू लागल्यापासून पुन्हा तसाच दिसू लागेपर्यंतचा काळ, ५८४ दिवसांचे धरले आहे. खरी सरासरी ५८३.९२. पाच चक्रे म्हणजे ३६५ दिवसांची बरोबर आठ वर्षे. म्हणून शुक्र दर आठ वर्षांनी जवळपास त्याच तारखेला पश्चिमेकडून नाहीसा होऊन पूर्वेला येतो : सूर्यासमोरून त्याचे जाणे २०१८ मध्ये २६ ऑक्टोबरला झाले, २०२६ मध्ये ते २४ ऑक्टोबरला. पण चक्राचे चार भाग पोथीत २३६, ९० , २५० आणि ८ दिवसांचे आहेत. प्रत्यक्षात शुक्र पहाटे आणि संध्याकाळी प्रत्येकी सुमारे २६३ दिवस दिसतो, मध्ये एकदा ५०-एक आणि एकदा आठेक दिवस लपतो. आठ दिवस तेवढे नीट जुळतात. २३६ म्हणजे आठ चांद्रमहिने, तेव्हा भाग पाडताना त्यांनी चंद्राची सोय पाहिली असावी. ६५ चक्रांत साठणारी पाच दिवसांची चूक काढण्याची दुरुस्ती पोथीतच दिली आहे.

प्रश्न : कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाप्रमाणे आमच्या गावच्या देवळातही ठरावीक दिवशी ऊन गाभाऱ्यात येते. हे मुद्दाम साधले आहे हे कसे ओळखावे? (सांगली)

उत्तर : आधी तारखांची जोडी शोधा. एकवीस-बावीस जून आणि डिसेंबर सोडले तर सूर्य क्षितिजावरच्या प्रत्येक जागी वर्षातून दोनदा येतो. कोल्हापूरचा किरणोत्सव ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा होतो. १० नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी हे ८३ दिवस. त्यांचा मध्य २१-२२ डिसेंबरला पडतो. तुमच्या देवळाची दुसरी तारीख अशी जुळत नसेल तर पाहण्यात चूक आहे, किंवा मध्ये झाड अथवा बांधकाम आले आहे.

नंतर किती दिवस ऊन येते ते मोजा. नोव्हेंबरात सूर्यास्ताची जागा दिवसाला बिंबाच्या अर्ध्याहून थोडी जास्त सरकते, म्हणून अरुंद मार्गातून ऊन तीन-चार दिवसच येते. डिसेंबरात मात्र अयनाच्या आधीचे आणि नंतरचे दहा-दहा दिवस मिळून ती जागा एका बिंबाएवढीही हलत नाही. ‘नेमके २२ डिसेंबरलाच ऊन येते’ असे कोणी म्हटले तर आदल्या आठवड्यात कोणी पाहिले होते का, ते विचारा. जुन्या लोकांनाही अयनाचा दिवस थेट दिसत नसे. चाळीसेक दिवस आधी टेकडीवर सूर्याची जागा हेरायची, तो परत तिथे येईपर्यंतचे दिवस मोजायचे आणि निम्मे करायचे.

हेतू सिद्ध करणे याहून कठीण. दारे, खिडक्या, खांब मिळून देवळात वीस दिशा निघतात. त्यांतली एखादी कुठल्या तरी सणाच्या सूर्याशी जुळणारच. त्याच काळातल्या, त्याच घडणीच्या आसपासच्या आठ-दहा देवळांच्या अक्षांची दिशा मोजा. सगळी एकाच दिशेला दोन अंशांच्या आत असतील तर दाव्यात जोर आहे. मोजताना मोबाइलच्या होकायंत्रावर विसंबू नका. लोखंडी गजांजवळ ते दहा अंशही चुकते. शंकू आणि वर्तुळाची रीत वर दिली आहे. क्षितिजावर डोंगर असेल तर त्याची उंचीही टिपा, कारण डोंगराआड सूर्य लवकर मावळतो आणि मावळण्याची जागा सपाट क्षितिजापेक्षा वेगळी पडते.